बेंगळुरूचा वेढा लंडनने कसा पाहिला? युद्धाची बातमी, लोकमत आणि अभ्यासकांचे निष्कर्ष

बेंगळुरू : कृष्णराजेंद्र बाजाराच्या गजबजाटातून चामराजपेटकडे वळले की रस्त्याच्या कडेला एका जुन्या किल्ल्याचा उरलेला भाग दिसतो. दिल्ली दरवाजा, दोन-तीन बुरूज आणि तटाचा एक तुकडा एवढेच आज शिल्लक आहे. या रस्त्याचे इंग्रजी अमदानीतील नाव अल्बर्ट व्हिक्टर मार्ग होते. आता तो आलूर वेंकटराव यांच्या नावाने ओळखला जातो. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ कन्नडमध्ये नेणारे ते हेच. तटावर एक लहानशी इंग्रजी पाटी आहे. ब्रिटिश फौजेने २१ मार्च १७९१ रोजी याच खिंडारातून हल्ला चढवला, एवढीच माहिती ती देते. आत कोण लढले, कोण पडले, याविषयी तिच्यावर काहीही नाही.

माध्यमे, लोकमत आणि आंतरराष्ट्रीय राजकारण यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ही पाटी एका मोठ्या प्रश्नाची खूण आहे. युद्ध एका ठिकाणी होते, त्याची बातमी दुसरीकडे छापली जाते आणि त्यावरचे मत तिसऱ्याच ठिकाणी तयार होते. या प्रवासात काय टिकते आणि काय गळून पडते? सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या या युद्धाची कागदपत्रे इंग्रजीत, फारसीत आणि विपुल प्रमाणात मराठीतही उपलब्ध असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बेंगळुरूचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

युद्ध कोणाचे होते?

टिपू सुलतानाने डिसेंबर १७८९ मध्ये त्रावणकोरच्या संरक्षक फळीवर हल्ला केला आणि तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धाला तोंड फुटले. त्रावणकोर हे ईस्ट इंडिया कंपनीचे मित्रराज्य होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याने पुण्याच्या पेशव्यांशी आणि हैदराबादच्या निजामाशी करार केले. पुण्याचा तह १ जून १७९० रोजी झाला. नाना फडणवीस आणि कंपनीचा पुण्यातील रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या वाटाघाटींतून तो आकाराला आला होता. म्हणजे हे युद्ध तीन सत्तांनी मिळून एका सत्तेविरुद्ध लढलेले युद्ध होते.

परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेने प्रदीर्घ वेढ्यानंतर एप्रिल १७९१ मध्ये धारवाड घेतले. मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी त्यांच्या सोबत होती. त्याआधी कॉर्नवॉलिसच्या सैन्याने ७ मार्चला बेंगळुरूची पेठ आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला जिंकला होता. किल्लेदार बहादूर खान या हल्ल्यात मारला गेला. पेठेच्या दरवाज्यावर इंग्रजांचा कर्नल मूरहाऊस ठार झाला.

यानंतर कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दिशेने निघाला. मे महिन्यात अरिकेरे येथे त्याला लढाईत यश मिळाले, पण धान्य संपले, ओझ्याचे बैल मेले, पावसाळा तोंडावर आला. वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. उपाशी सैन्य परत फिरले असताना मेलुकोटेच्या परिसरात अचानक घोडदळ समोर आले. ते शत्रूचे असावे असा इंग्रजांचा समज झाला. प्रत्यक्षात ती हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांची मराठी फौज होती. दोन्ही सैन्ये जवळ असूनही एकमेकांना त्याचा पत्ता नव्हता, कारण टिपूच्या स्वारांनी मधले जासूद आणि पत्रे सतत अडवली होती. मराठ्यांच्या लष्करी बाजारातील धान्याने, चढ्या भावाने का होईना, इंग्रज सैन्य तगले.

ही घटना अभ्यासकांना दोन कारणांसाठी महत्त्वाची वाटते. पहिले म्हणजे, माहिती अडवणे हे तोफेइतकेच प्रभावी शस्त्र आहे, हे टिपूला नेमके ठाऊक होते. दुसरे म्हणजे, या मोहिमेतील मराठ्यांचा वाटा इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या पुस्तकांत नोंदवला खरा, परंतु लंडनच्या सामान्य वाचकाच्या आणि प्रेक्षकाच्या मनात जे चित्र उमटले, त्यात तो जवळजवळ कुठेच नव्हता.

सहा महिन्यांच्या अंतरावरची बातमी

त्या काळी भारतातून लंडनला बातमी पोचायला साधारण पाच-सहा महिने लागत. मद्रास आणि कलकत्ता येथील इंग्रजी वृत्तपत्रे, कंपनीच्या अधिकाऱ्यांची खासगी पत्रे आणि सरकारी खलिते जहाजाने जात. सरकारी खलिते ‘लंडन गॅझेट’मध्ये छापले जात आणि तेथून इतर वृत्तपत्रे ते उचलत. म्हणजे बातमीचा मुख्य स्रोत युद्ध चालवणारा सेनापतीच होता.

या अंतरामुळे विलक्षण विसंगती निर्माण होत. १७९१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात या युद्धाच्या न्याय्यतेवर वाद झाला. भारतात प्रदेश जिंकण्यासाठी युद्ध करणे हे राष्ट्राच्या धोरणाविरुद्ध आहे, असे १७८४ च्या कायद्यात स्पष्ट म्हटले होते. त्यावर बोट ठेवून फिलिप फ्रान्सिस आणि चार्ल्स जेम्स फॉक्स यांनी सरकारला धारेवर धरले. सभागृहाने अखेर सरकारची बाजू मान्य केली. हा वाद सुरू असताना बेंगळुरूच्या तटाला खिंडार पडत होते, पण तेथे कोणालाही त्याची कल्पना नव्हती. मे महिन्यातील माघारीची खिल्ली उडवणारे जेम्स गिलरे याचे प्रसिद्ध व्यंगचित्र लंडनमध्ये प्रकाशित झाले ते ६ डिसेंबर १७९१ रोजी. तोपर्यंत मैदानातली परिस्थिती पार पालटली होती.

कॉर्नवॉलिसची आधीची प्रतिमाही लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेतील यॉर्कटाउन येथे १७८१ मध्ये शरणागती पत्करणारा सेनापती तो हाच. शिवाय वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग १७८८ पासून चालू होता आणि कंपनीचे भारतातील वर्तन ही ब्रिटिश समाजाला लाज आणणारी बाब आहे, असे एडमंड बर्क सतत सांगत होता. त्यामुळे १७९१ च्या अखेरीपर्यंत लंडनचे मत विभागलेले होते.

चित्र पालटले

फेब्रुवारी १७९२ मध्ये तिन्ही मित्रसत्तांच्या सैन्यांनी श्रीरंगपट्टणला वेढा दिला आणि १८ मार्चला तह पक्का झाला. टिपूने निम्मे राज्य सोडले, ३ कोटी ३० लाख रुपये खंडणी कबूल केली आणि आपली दोन मुले ओलीस म्हणून दिली. सोडलेला प्रदेश तिन्ही सत्तांत वाटला गेला आणि मराठ्यांची सरहद्द तुंगभद्रेपर्यंत पोचली.

लंडनमध्ये मात्र वाटणीपेक्षा एकच दृश्य गाजले. टिपूची दोन लहान मुले कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन होत आहेत आणि तो त्यांचा पित्याच्या मायेने स्वीकार करीत आहे, हे ते दृश्य. रॉबर्ट होम, मॅदर ब्राउन, आर्थर विल्यम डेव्हिस अशा अनेक चित्रकारांनी ते रंगवले. त्यावर पदके पाडली गेली, छापील चित्रे घरोघरी लागली. होम हा चित्रकार तर सैन्याबरोबरच होता. पेठेच्या दरवाज्यावरील मूरहाऊसचा मृत्यूही त्याने रंगवला आणि म्हैसूर प्रदेशातील दृश्यांचा त्याचा संग्रह १७९४ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या ॲस्ट्लीच्या रंगमंचावर घोडे, तोफांचे आवाज आणि आतषबाजी यांसह बेंगळुरूच्या वेढ्याचे खेळ झाले. ज्या तटाशेजारी आज बसगाड्यांचा धूर दिसतो, तो तट १७९२ मध्ये लंडनकरांनी तिकीट काढून पाहिला होता.

इतिहासकार पी. जे. मार्शल यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या बदलाचा माग काढला आहे. भारतातील युद्धे ही कंपनीच्या लोभाची फळे आहेत, ही ब्रिटनमधील जुनी धारणा या युद्धाच्या काळात मागे पडली आणि ती राष्ट्राच्या अभिमानाची बाब झाली, असे त्यांच्या मांडणीचे सार आहे. डॅनियल ओक्विन यांनी २००५ मधील ग्रंथात लंडनच्या रंगभूमीने या बदलाला कसा हातभार लावला, ते दाखवले. लिंडा कॉली यांनी म्हैसूरच्या तुरुंगातून सुटलेल्या इंग्रज कैद्यांच्या आठवणींचा अभ्यास केला. त्यांपैकी जेम्स ब्रिस्टो याची कहाणी नेमकी युद्धाच्या काळातच छापली गेली होती. अशा कहाण्यांनी टिपूच्या क्रौर्याचे चित्र गडद केले आणि त्याच्याविरुद्धचे युद्ध हे जुलमातून सुटकेचे कार्य आहे, या समजाला बळ दिले.

सिद्धान्त काय सांगतात?

आधुनिक संशोधनातील काही संकल्पना या घटनाक्रमाला लावून पाहिल्या, तर बरेच काही उलगडते.

पहिली संकल्पना अमेरिकी अभ्यासक लान्स बेनेट यांची, १९९० सालची. निकाराग्वाविषयीच्या अमेरिकी धोरणाचे वृत्तांकन तपासून त्यांनी असे मांडले की, वृत्तपत्रांतील मतभेदांची व्याप्ती सहसा सत्ताधारी वर्तुळातील मतभेदांइतकीच असते. नेत्यांत वाद असेल तर तो पानांवर उमटतो. नेते एकमुखी झाले की वृत्तपत्रांतील विरोधी सूरही मंदावतो. लंडनमध्ये नेमके हेच दिसते. फॉक्स आणि फ्रान्सिस बोलत होते तोवर युद्धावरची टीका छापली जात होती. विजयानंतर विरोधकांचा जोर ओसरला आणि टीकेची जागा गौरवाने घेतली.

दुसरी संकल्पना जॉन म्यूलर यांनी १९७० मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या लोकप्रियतेच्या अभ्यासातून मांडली. आंतरराष्ट्रीय संकटाच्या क्षणी नागरिक आपापले मतभेद बाजूला ठेवून नेत्याभोवती, निशाणाभोवती गोळा होतात. मात्र हा पाठिंबा टिकाऊ नसतो आणि जीवितहानी वाढत जाते तसा तो घटतो, असेही म्यूलर यांना आढळले. कॉर्नवॉलिसच्या बाबतीत युद्ध लांबण्याआधीच विजय पदरात पडला, त्यामुळे ही दुसरी अवस्था आलीच नाही.

तिसरी संकल्पना बातमीच्या निवडीची. योहान गाल्टुंग आणि मारी होल्म्बो रूगे यांनी १९६५ मध्ये काँगो, क्यूबा आणि सायप्रस येथील संकटांचे नॉर्वेच्या वृत्तपत्रांतील वृत्तांकन तपासले. जी घटना एका व्यक्तीभोवती सांगता येते, जिचा अर्थ सरळ असतो आणि जी प्रबळ राष्ट्रांशी निगडित असते, ती बातमी होण्याची शक्यता अधिक, हा त्यांच्या निष्कर्षांचा गाभा आहे. सेनापती, खलनायक आणि दोन निरागस मुले अशी मांडणी सहज समजते. तीन दरबारांतील करार, धान्याचे भाव, जासुदांचे जाळे आणि प्रदेशाची वाटणी यांचे चित्र रंगवणे कठीण असते. मराठे आणि निजाम लंडनच्या चित्रातून का वगळले गेले, याचे एक उत्तर येथे मिळते. त्यासाठी कोणी कट केलाच पाहिजे असे नाही. गोष्ट सोपी करण्याची सवय तेवढी पुरेशी ठरते.

आणखी एका प्रश्नावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. माध्यमे धोरण घडवतात की धोरण माध्यमांना घडवते? शीतयुद्ध संपल्यानंतर चोवीस तास चालणाऱ्या दूरचित्रवाणीमुळे सरकारांना परदेशांत हस्तक्षेप करावा लागतो, असा समज प्रबळ झाला होता. पियर्स रॉबिन्सन यांनी २००२ मध्ये सोमालिया, बोस्निया, कोसोवो यांसारखी उदाहरणे तपासून तो समज बराच मर्यादित केला. सरकारचे धोरण डळमळीत असेल आणि वृत्तांकन पीडितांविषयी सहानुभूती जागवणारे असेल, तेव्हाच माध्यमांचा प्रभाव पडतो. धोरण ठाम असेल तर वृत्तांकन फारसा फरक करीत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

मराठी पत्रे कोठे होती?

मराठी वाचकाच्या दृष्टीने खरा कळीचा प्रश्न पुढे येतो. पुणे दरबाराकडे माहिती कमी होती का? मुळीच नाही. पेशव्यांचे वकील हैदराबादेत, दिल्लीत आणि इतर दरबारांत होते. त्यांची अखबारे आणि पत्रे नियमित पुण्यास येत. हरिपंत आणि परशुरामभाऊ यांच्या छावण्यांतून नाना फडणवीसांना तपशीलवार वर्तमान कळत असे. सी. ए. बेली यांनी १९९६ मधील आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, हरकारे, जासूद आणि अखबारनवीस यांची भारतीय जाळी इतकी कार्यक्षम होती की कंपनीने आपला अंमल वाढवताना त्यांचाच आधार घेतला.

उणीव वेगळीच होती. ही माहिती दरबाराची होती, समाजाची नव्हती. पत्र वाचून दप्तरात बांधले जाई. त्यावर बाजारात, देवळाच्या ओसरीवर कुजबुज होत असेल, पण तिला छापील रूप नव्हते आणि तिचा जाब दरबाराला द्यावा लागत नव्हता. टिपूचीही तीच गत होती. १७८० मध्ये पोल्लिलूर येथे इंग्रजांचा पराभव झाला. त्याचे भव्य चित्र टिपूने श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेतील भिंतीवर रंगवून घेतले. १७८८ मध्ये त्याचे वकील पॅरिसला जाऊन फ्रान्सच्या राजाला भेटले आणि तेथे कुतूहलाचा विषय ठरले. बाहेरच्या जगातील प्रतिमेचे मोल त्याला कळत होते. पण भिंतीवरचे चित्र भिंत सोडून जात नाही. गिलरे आणि होम यांची चित्रे मात्र ठशांवरून शेकड्यांनी निघत होती.

पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापायला आरंभ केला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड यदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली विसाव्या शतकात निघाले. म्हणजे मराठी बाजू लोकांसमोर येईपर्यंत शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मराठीतील पहिले वृत्तपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’, ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. तोपर्यंत पेशवाई लयाला जाऊन चौदा वर्षे होत आली होती.

लंडनमध्ये मराठ्यांचे एक भव्य चित्र झाले, हे खरे. थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवलेल्या त्या चित्रात पुण्याचा दरबार दिमाखात दिसतो. परंतु चित्राचा विषय आहे चार्ल्स मॅलेटने पेशव्यांशी केलेला तह. मॅलेट हा नायक आणि दरबार ही पार्श्वभूमी, अशी त्याची रचना आहे. आणि हे चित्र पूर्ण होण्यापूर्वीच, १८०३ मध्ये, त्याच मराठ्यांविरुद्ध कंपनीचे मोठे युद्ध झाले होते. १७९२ मध्ये ब्रिटनमध्ये रुजलेली विजयाची आणि न्याय्यतेची भाषा १७९९ मध्ये टिपूच्या अंताच्या वेळी उपयोगी पडली आणि मराठ्यांविरुद्धही तिचा वापर करता आला. एका युद्धात तयार झालेले लोकमत पुढच्या युद्धाचे भांडवल ठरते, हा या उदाहरणाचा सर्वांत गंभीर धडा आहे.

मर्यादा आणि आजचा संदर्भ

या अभ्यासांना मर्यादा आहेत. अठराव्या शतकात मतचाचण्या नव्हत्या. ‘लोकमत’ म्हणजे कॉफीगृहात वृत्तपत्र वाचणारा, नाटकाचे तिकीट परवडणारा वर्ग. लंडनचा गोदी कामगार किंवा स्कॉटलंडचा शेतकरी युद्धाविषयी काय विचार करीत होता, हे व्यंगचित्रावरून सिद्ध होत नाही. शिवाय विसाव्या शतकातील अमेरिकी लोकशाहीवरून बेतलेले सिद्धान्त जुन्या काळाला लावताना सावधगिरी बाळगावी लागते. ते सिद्धान्त काय तपासावे हे सुचवतात. काय घडले हे मात्र कागदपत्रांवरूनच ठरवावे लागते.

आजच्या भारतातही परराष्ट्र धोरणावरील लोकमताचा अभ्यास तुलनेने कमी झाला आहे. बहुतेक चाचण्या निवडणुकांभोवती फिरतात. राज्यशास्त्रज्ञ देवेश कपूर यांनी २००९ मध्ये एका मोठ्या पाहणीच्या आधारे या विषयावर लेख लिहिला. परराष्ट्र विषयांवर मत नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण गरीब आणि कमी शिकलेल्या वर्गात अधिक आढळते, हे त्यातून पुढे आले. सीमेवर जाणारा जवान बहुधा याच वर्गातील घरातून येतो. युद्धाचा भार ज्यांच्यावर सर्वाधिक पडतो, त्यांचे मत सर्वांत कमी नोंदले जात असेल, तर तो केवळ संशोधनाचा प्रश्न उरत नाही.

बातमी आता सहा महिन्यांऐवजी सहा सेकंदांत पोचते. तरीही जुने प्रश्न तसेच आहेत. ही माहिती मुळात कोणाकडून आली? ती देणारा स्वतः युद्धातील पक्ष आहे का? एका चेहऱ्यावर सारे चित्र केंद्रित झाले असेल, तर चौकटीबाहेर कोण राहिले? दुसऱ्या बाजूची पत्रे कोठे आहेत आणि ती वाचायला किती वर्षे थांबावे लागेल? युद्धाची बातमी वाचताना हे प्रश्न विचारणे म्हणजे देशावर अविश्वास दाखवणे नव्हे. १७९१ मध्ये ते प्रश्न पार्लमेंटात विचारले गेले होते आणि विजय मिळाल्यावर विसरले गेले.

चामराजपेट ही वसाहत किल्ल्याच्या पाडावानंतर शंभर वर्षांनी, १८९२ मध्ये वसली. तटाचा बहुतांश भाग त्या शहरवाढीत नाहीसा झाला. उरलेला तुकडा आणि दिल्ली दरवाजा आज संरक्षित आहे. त्याच्या दगडावरील पाटी अजून एकाच बाजूचे वाक्य सांगते. बाकीची वाक्ये पुण्याच्या, मिरजेच्या आणि म्हैसूरच्या दप्तरांत आहेत.